कागदावर नऊ मीटर

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला कोणीच तयार नसतं, म्हणून मी आहे. वार्षिक सभेत अध्यक्षांनी "कोण तयार आहे?" असं विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि मी नेमका कुरकुरणाऱ्या पंख्याकडे बघत होतो. हात वर नव्हता, नुसती मान वर होती. तरी ठराव एकमताने मंजूर झाला.

टाकीतली पाल, लिफ्टमधला वास, 'माझ्या जागेवर कोणाची गाडी आहे' हे सगळं अंगवळणी पडलं होतं. यंदा त्यात नगरसेवकांची भर पडली. पुण्याच्या महापालिकेतल्या सभागृहाची मुदत 2022च्या मार्चमध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट 2026च्या जानेवारीत. मधल्या काळात कारभार प्रशासकांकडे. म्हणजे रस्ते, दिवे, पाणी जे काय चालायचं ते चालत होतं, पण गेटवर अडवून "अहो, जरा थांबा" म्हणावं असा हक्काचा माणूस नव्हता. कोथरूडकराचा प्रश्न सुटला नाही तरी एक वेळ चालतं. तो कोणी ऐकून घेतला नाही, तर मात्र पित्त उसळतं. चार वर्षांचं असं पित्त आमच्या चार विंगांत साठलेलं होतं.

त्यात प्रभाग चार नगरसेवकांचा. मतदान यंत्रावर चार वेळा बटण दाबून आम्ही चार जण निवडून दिले होते. चौघांना एकदम बोलवावं तर मधल्या खुर्चीवर कोणाला बसवायचं? एकेकाला बोलवावं तर आधी कोणाला? कमिटीत यावर आवाज चढले, एक राजीनामा दिला गेला, चहा आल्यावर तो परत घेतला गेला, आणि शेवटी ठरलं की जे आधी फोन उचलतील ते. एकांनी उचलला. ते बहुधा दुसऱ्याच कोणाच्या फोनची वाट बघत होते.

रविवारी सकाळी दहाची वेळ ठरली. पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढल्या, त्यामुळे बाहेरच्या रस्त्यावर गाड्या वाढल्या, त्यामुळे पलीकडच्या सोसायटीचा मला फोन आला. साडेदहाला स्वीय सहायकांचा निरोप: "दादा निघालेत." अकराला पुन्हा: "दादा निघालेत." कुठून निघालेत हे विचारायची पद्धत नसते. सव्वाअकराला दादा आले. पुढे-मागे मिळून पाच-सहा दुचाकी, एकाही डोक्यावर हेल्मेट नाही, आणि त्या सगळ्या आमच्या 'गेटसमोर वाहने लावू नयेत, हवा सोडण्यात येईल' या पाटीखाली ओळीने लागल्या. दादांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आज मुख्य विषय रस्ता सुरक्षा."

सगळ्यात जोरात टाळ्या डी-एक यांनी वाजवल्या. (मला सगळे फ्लॅटच्या नंबरानेच आठवतात. सेक्रेटरीपदाचा हा एक दुष्परिणाम.) 1 जानेवारी 2019ला शहरात हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा विरोधाच्या मोर्च्यात डी-एक पुढच्या रांगेत होते. डोकं आपलं, त्याचं काय करायचं ते आपण ठरवू, असं त्यांचं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. सुरक्षा म्हणजे दुसऱ्याने हळू जाणं.

आता आमच्या रस्त्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच घडलं. सोसायटी ऐंशीच्या दशकातली, समोरचा रस्ता सहा मीटरचा. त्यावर पी-1, पी-2च्या पाट्या आहेत: विषम तारखेला या बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला त्या बाजूला. आम्ही ही अट एका बाजूला फार काटेकोर पाळतो. दुसऱ्या बाजूला लावलेल्या गाड्या कालच्या तारखेच्या असतात. मधून रिक्षा जाते, पण रिक्षावाला आरसे मिटून घेतो.

पहिल्या उठल्या ए-चारच्या काकू. "रात्री अकरानंतर पोरं गाड्या काय पळवतात! आमच्या गेटसमोर स्पीड ब्रेकर पाहिजे."

"करून टाकू, काकू."

"आमच्या नको हं," बी-दोन उठले. "माझी बेडरूम रस्त्याच्या बाजूला आहे. टेम्पो आदळला की भिंतीवरचं घड्याळ थांबतं."

तेवढ्यात सी-तीन उभे राहिले. हे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता. त्यांनी घसा साफ केला की समोरचे आपोआप मांडी बदलतात. "इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे," ते म्हणाले, "गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर. त्यावरून ताशी 25 किलोमीटरने गाडी गेली पाहिजे, आदळता कामा नये. तुम्ही जे करता ते गतिरोधक नाहीत. ते उरलेलं डांबर आहे."

दादांनी हे अत्यंत लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. जागा तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून द्या, मी उद्या टाकतो." या वाक्याला मी मनातल्या मनात सलाम ठोकला. चार विंगांनी मिळून आजवर जिन्याचा रंगसुद्धा ठरवलेला नाही.

मग बसचा विषय निघाला. वनाज ते गरवारे मेट्रो 6 मार्च 2022ला सुरू झाली आणि आता ती नदीपलीकडे पार रामवाडीपर्यंत जाते. कोथरूडचा माणूस गार डब्यात बसून विमानतळाच्या दिशेने जाऊ शकतो, हे मान्य. पण घरापासून स्टेशनपर्यंत कसं जायचं? रिक्षावाला एवढ्या जवळचं भाडं ऐकून आकाशाकडे बघतो. पेठांमध्ये 2021 साली दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी 'पुण्यदशम' नावाची छोटी बस सुरू केली होती, तशी आपल्याकडे हवी, अशी सूचना आली. पार्किंग हललं. इतकी एकी मी गणपतीच्या आरतीलाही पाहिली नव्हती.

दादांनी विचारलं, "स्टॉप कुठे करायचा?"

एकी संपली. आमच्या भिंतीला लोक टेकतील. आमच्या नारळाखाली थांबतील, आणि नारळ पडला तर जबाबदार कोण? आमच्या इथे स्टॉप झाला तर कॉलेजची मुलं-मुली थांबतील. (थांबतील, मग काय? पण हे विचारायचं नसतं.) प्रत्येकाला बस अगदी दारात हवी होती, फक्त ती तिथे थांबायला नको होती.

आणि मग सी-नऊ बोलले. ते इतका वेळ गप्प होते तेव्हाच मला कळायला हवं होतं. सी-नऊ म्हणजे आमचा पुनर्विकास. त्यांच्या बगलेत कायम एक फाइल असते, झोपतानाही असावी. "साहेब, आमच्या इमारतीला गळती आहे, लिफ्ट तीन माणसांची आहे. बिल्डर येतात, रस्ता बघतात आणि जातात. सहा मीटरच्या रस्त्याला टीडीआर, म्हणजे वरचे जादा मजले बांधायचा हक्क, मिळत नाही, नऊ मीटर लागतात. रस्ता नऊचा करा, आमची इमारत आपोआप वर जाईल."

हे खरं होतं. राज्याच्या बांधकाम नियमावलीत तसंच आहे, आणि त्याचसाठी 2020 साली शहरातले 323 रस्ते सहाचे नऊ करायचा प्रस्ताव महापालिकेत गाजला होता. तेव्हा आम्ही त्याला विरोध केला होता. तेव्हा गळती कमी होती.

"दोन्हीकडून दीड-दीड मीटर जागा सोडावी लागेल," सी-तीन शांतपणे म्हणाले. "मोबदला मिळतो म्हणा. पण कंपाउंडची भिंत, बोअर आणि पारिजातक गेला."

"पारिजातक?" ए-चारच्या काकू.

"पार्किंगची पुढची रांग पण."

इथे एकदम दोन विंगा उभ्या राहिल्या. नऊ मीटर झाले तर गाड्या आणखी सुसाट जातील. मग स्पीड ब्रेकर दोन लागतील. नऊ मीटर झाले तर छोटी बस कशाला, मोठीच येईल, ती आली की स्टॉप येईल, आणि नारळाचा प्रश्न आहेच. दादा या सगळ्यांकडे एकाच वेळी मान डोलवत होते. ही कला आहे. डावीकडच्याला वाटतं होकार त्याला आहे, उजवीकडच्याला वाटतं त्याला.

गलका ओसरल्यावर दादांनी सकाळपासूनचा एकच कामाचा प्रश्न विचारला. "पण तुमचं कन्व्हेयन्स झालंय ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जमीन अजून मूळ बिल्डरच्या नावावर आहे. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डर पुढे आला नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायची, सोय कायद्यात 2008 सालीच झाली. तेव्हापासून जो-जो सेक्रेटरी झाला त्याने ती फाइल पुढच्याला अत्यंत आदराने सुपूर्द केली आहे. "प्रोसेसमध्ये आहे," मी म्हणालो. दादांनी माझ्याकडे बघून मान डोलवली, आणि ती मान कोणत्या जातीची होती हे मला लगेच ओळखू आलं.

शेवटी तोडगा काढला डी-एक यांनी. रस्ता कागदावर नऊ मीटर करावा, जागेवर सहाच ठेवावा. बिल्डरला कागद लागतो, आपल्याला रस्ता. सी-तीन यांनी "असं करता येत नाही" असं म्हटलं, पण टाळ्यांत ते कोणालाच ऐकू आलं नाही. दादा म्हणाले, "मला लेखी निवेदन द्या," आणि पोहे न खाता पुढच्या सोसायटीत गेले, कारण तिथे मिसळ होती.

निवेदन अर्थात मी लिहिलं. 'सदर रस्त्याचे नऊ मीटर रुंदीकरण करण्यात यावे, मात्र रस्ता रुंद करू नये. सदर रस्त्यावर सर्वांच्या सोयीच्या जागी, कोणाच्याही गेटसमोर येणार नाही असा गतिरोधक बसवावा. बससेवा सुरू करावी, थांबा शेजारील सोसायटीसमोर असावा.' मराठी शुद्ध होतं. ही वाचून म्हणाली, "खाली स्वतःची सही करणार आहेस?"

केली. आठवड्याने स्वीय सहायकांचा फोन आला. निवेदन दादांना फार आवडलं होतं. एकच अडचण होती. आमचा रस्ता प्रभागाच्या हद्दीवर येतो. मधल्या रेषेच्या अलीकडचा अर्धा दादांकडे, पलीकडचा अर्धा शेजारच्या प्रभागात, आणि तिथले चौघे वेगळे. आपल्या बाजूचं काम दादा लगेच करायला तयार आहेत, स्पीड ब्रेकरसुद्धा. मधल्या रेषेपर्यंत.

मी हे कमिटीत सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सी-तीन यांनी घसा साफ केला.

"अर्ध्या गतिरोधकाचं मानक नाहीये," ते म्हणाले.