तातडीचे!!! आज पाचच्या आत फॉर्म भरा

कोथरूडच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळेने सगळ्या मुलांना गूगलची ई-मेल अकाउंटं काढून दिली आणि "बाई, तुम्हाला त्यातलं कळतं ना?" एवढ्या पात्रतेवर त्यांची देखभाल माझ्या गळ्यात पडली. लॉकडाऊन गेला, गळ्यातलं अजून उतरलेलं नाही.

मागे एका सोमवारी प्रार्थनेच्या आधीच स्टाफरूममध्ये गलका. आठवीतल्या एका मुलाच्या अकाउंटवरून रात्री अख्ख्या शाळेला मेल गेला होता. 'तुमच्या खात्यातली जागा संपली आहे. आज पाचच्या आत खालचा फॉर्म भरा, अन्यथा खाते बंद होईल.' फॉर्ममध्ये पासवर्ड मागितलेला.

हसू नका. हा मेल पटण्यासारखा होता. गूगलने शाळांना दिलेली अमर्याद जागा २०२२ मध्ये काढून घेतली, आता संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट. 'जुने व्हिडिओ काढून टाका' अशी सूचना आम्हीच मागे पाठवली होती. शिवाय मेल आपल्याच शाळेच्या पत्त्यावरून आलेला. चार शिक्षकांनी फॉर्म भरला. एकाने तर तो स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, वर 'सर्वांनी कृपया भरून घ्यावा ही विनंती'.

मुलाला ऑफिसात बोलावलं, आईला फोन गेला. चौकशीत कळलं की त्याने असाच एक फॉर्म शुक्रवारी दुपारी भरला होता आणि काहीतरी चुकलंय हे त्याला संध्याकाळीच कळलं होतं. सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "ओरडाल म्हणून." आणि समोर तेच तर चाललं होतं!

शुक्रवारी सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पासवर्ड बदलायचा, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करायचं, रिकव्हरीचा फोन नंबर आपलाच आहे ना ते बघायचं. आणि एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात: सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग (आलेले मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) तपासायचं. या मुलाच्या खात्यात चोराने फिल्टर लावून ठेवला होता, येणारं प्रत्येक उत्तर थेट कचऱ्यात. "अरे, हे तूच पाठवलंस का?" असं मित्रांनी विचारलेलं त्याला दिसलंच नाही. नुसता पासवर्ड बदलला असता तर तो फिल्टर तसाच राहिला असता.

बरं, त्या चार शिक्षकांचं काय झालं? काही नाही. कोणाच्या आईला फोन गेला नाही. एक सर डबा खाऊन झाल्यावर नळापाशी हळूच म्हणाले, "माझाही पासवर्ड बदलायचाय जरा." बाकीचे तिघे मला लॉगिनच्या नोंदींतून सापडले. चाळिशी-पन्नाशीची माणसं लपवतात, तर तेरा वर्षांचं पोर का नाही लपवणार? ओरडण्यातून चोराला तीन दिवस मिळाले, एवढाच त्याचा उपयोग.

अजूनही सगळे सांगतात, शुद्धलेखनाच्या चुका शोधा म्हणजे खोटा मेल ओळखता येतो. ते दिवस गेले. त्या मेलचं मराठी आमच्या परिपत्रकांपेक्षा बरं होतं. बघायचा तो पत्ता. मोबाइलवर लिंक दाबून धरली की खरा पत्ता दिसतो, आणि 'https://' सोडून त्यापुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग उजवीकडून वाचायचा. सरकारी साइट असेल तर तो बहुतेक वेळा 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन'ने संपतो. डावीकडे कोणीही काहीही लिहू शकतं. गूगल फॉर्मच्या तर तळाशीच छापलेलं असतं की इथे पासवर्ड देऊ नका. तिथपर्यंत वाचतो कोण? आणि असा मेल नुसता डिलीट करू नका, कॉम्प्युटरवर उघडून मेलच्या तीन ठिपक्यांतून 'फिशिंग', म्हणजे पासवर्ड काढून घेणारा खोटा मेल, म्हणून कळवा. डिलीट केल्याने तुम्ही सुटता, शेजारच्या वर्गाच्या बाई नाही. पैसे गेले असतील तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बाकीचं.

पण माझं खरं भांडण आमच्याशीच आहे. 'तातडीचे', 'आज पाचच्या आत', 'अन्यथा जबाबदारी आपली', खाली एक अनोळखी लिंक. ही भाषा चोराने कुठून उचलली? आमच्या नोटिशी अशाच असतात. वर्षभर आम्ही मुलांना, पालकांना आणि एकमेकांना न विचारता, घाबरून फॉर्म भरायची सवय लावतो.

आता मी वर्गात सांगितलंय, शंका आली की मला पाठवा, क्लिक केलं असेल तरीही पाठवा, कोणी ओरडणार नाही. पहिल्या आठवड्यात अकरा मेल आले. त्यातले सात एकाच मेलबद्दल होते. सहलीच्या संमतिपत्राचा मेल, तीन उद्गारचिन्हं, आखूड केलेली लिंक, पाठवणाऱ्या आमच्या मुख्याध्यापिका बाई. मी तो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अहो, पण मग सहलीचं कळवायचं कसं?"

मी उद्गारचिन्हांपासून सुरुवात केली.