पक्क्या नोकरीतली धास्ती

सरकारी बँकेत कोणाची नोकरी जाते का, असे नातेवाईक हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, पुढच्या वर्षी त्याच तारखेला दहा बँकांच्या चार झाल्या, आणि दोन्ही वेळा कर्मचारीकपात होणार नाही असे सरकारने जाहीर केले होते. पण धास्ती केवळ नोकरी जाण्याची नसते. ज्येष्ठता यादीत आपण कुठे बसणार, शेजारच्या दोन शाखांची एक झाली की बदली कुठे होणार, मुलीच्या दहावीच्या वर्षीच बिऱ्हाड हलवावे लागणार का, हे कळेपर्यंत माणूस वेळेवर कामावर येतो, पण त्याचे लक्ष परिपत्रकांकडे लागलेले असते. देना बँकेवर तर विलीनीकरणाआधी, मे २०१८ मध्येच, रिझर्व्ह बँकेने नवी कर्जे आणि नवी भरती यांवर बंदी घातली होती. कर्ज देणेच थांबले, तर कर्ज विभागातल्या अधिकाऱ्याने मन कशात घालायचे?

माझे मत असे की धास्तावलेला बँक कर्मचारी कामचुकार होत नाही. उलट तो जास्तच राबतो, फक्त जे मोजले जाते तेवढ्यासाठीच. जुन्या किराणा दुकानदाराने कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यातल्या खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची, मर्यादा वाढवून मागितली, ताळेबंद थोडा अशक्त असला, तर पूर्वी अधिकारी दुकानात जाऊन माल पाहून यायचा आणि आपल्या जबाबदारीवर शिफारस करायचा. आता तो ‘वरिष्ठांच्या निर्णयार्थ सादर’ एवढे लिहून फाइल पुढे ढकलतो आणि दुपारभर विमा पॉलिसी गळ्यात मारण्यासाठी फोन करत बसतो, कारण संध्याकाळच्या आढाव्यात दुकानदाराबद्दल कोणी विचारणार नसते.

खासगी बँकांत याच धास्तीला टार्गेट म्हणतात. निवडक खासगी आणि लघु वित्त बँकांत नोकरी सोडून जाणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास असल्याची नोंद रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ च्या अहवालात केली आहे. सहकारी बँकांचे दुखणे आणखी वेगळे. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षे काउंटरवर बसून ठेवीदारांना उत्तरे देणाऱ्यांना स्वतःच्या पगाराचे भवितव्य तरी कुठे माहीत होते?

यावर व्यवस्थापनाकडे योगशिबिरे आणि समाधान-सर्वेक्षणे आहेत. (सर्वेक्षण गोपनीय असते म्हणतात, ते भरायला मात्र कर्मचारी क्रमांक लागतो.) त्यापेक्षा ज्येष्ठतेचे आणि बदल्यांचे नियम विलीनीकरणाच्या तारखेआधी लेखी मिळावेत. प्रामाणिकपणे दिलेले कर्ज बुडाले तर अधिकाऱ्याला संरक्षण मिळावे, यासाठी ५० कोटींपर्यंतच्या थकीत कर्जखात्यांत अधिकाऱ्याला कधी जबाबदार धरायचे हे ठरवणारी उत्तरदायित्वाची चौकट २०२२-२३ पासून सरकारी बँकांत लागू आहे. मात्र चौकशीची नोटीस एकदा टेबलावर आली की त्या वर्षीची बढती जाते, हे शाखेत सगळ्यांनाच ठाऊक असते, आणि कर्जाच्या शिफारशीवर सही करताना हात अडतो तो तिथेच.