वाशीच्या वाचकांच्या प्रतिक्रियेस उत्तर : पिंप, बर्फ आणि पहिले मिनिट

सप्रेम नमस्कार.

गच्चीवरील बर्फस्नानाविषयीच्या, म्हणजे पिंपातील बर्फाच्या गार पाण्यात गळ्यापर्यंत बसण्याविषयीच्या, माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, मी लोकांना विनाकारण घाबरवतो. आपल्या आजी कार्तिकात पहाटे विहिरीच्या पाण्याने स्नान करीत, त्यांना ना थर्मामीटर लागला ना सोबती. आणि ठाणे-वाशीच्या नळाला मुळात गार पाणी येतेच कुठे? शिवाय, व्यायामानंतर लगेच पिंपात बसण्याची मी केलेली शिफारस निराधार असल्याचेही आपण म्हटले आहे.

आजींचा दाखला येथे लागू पडत नाही. विहिरीचे पाणी थंडीच्या पहाटे उलट कोमट लागते, हे ज्याने पोहरा ओढला आहे त्याला ठाऊक असते. आणि तांब्याने अंगावर पाणी घेणे व गळ्यापर्यंत बुडून बसणे या दोन निराळ्या क्रिया आहेत.

नळाच्या पाण्याबद्दल आपले म्हणणे खरे आहे, पण धोका नेमका तेथूनच सुरू होतो. पाणी गार नसल्यामुळे आपण बर्फ आणतो आणि तो अंदाजाने टाकतो. पिंपात २७ अंश सेल्सिअसचे १५० लिटर पाणी असेल, तर ते १५ अंशांवर आणण्यास सुमारे १९ किलो बर्फ विरघळावा लागतो, तर १० अंशांसाठी सुमारे २८ किलो. म्हणजे नऊ-दहा किलोंच्या फरकाने पाण्याची जात बदलते, आणि हाताला तो फरक नीट कळत नाही. पाणी ढवळून थर्मामीटर बुडवावा, हा माझा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

त्वचा एकाएकी गार पडली की माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतात. हा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास सर्वाधिक असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. त्या पहिल्या श्वासाच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जाते, मग माणूस कितीही पट्टीचा पोहणारा असो. याउलट, धडधाकट प्रौढाचे शरीर धोकादायक पातळीपर्यंत गार पडण्यास बर्फाळ पाण्यातही साधारण अर्धा तास लागतो. म्हणून 'मी दहा मिनिटे बसलो' ही फुशारकी मला नेहमीच गैरलागू वाटते. हा झटका सवयीने पुष्कळ कमी होतो, त्यासाठी दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुड्याही पुरतात. मात्र आपल्यासारख्या दमट किनाऱ्यावरच्या माणसांना ती सवय मुळातच नसते. २० अंशांपासून सुरुवात करावी, हे मी भित्रेपणाने लिहिलेले नाही.

डोके बुडवू नये, यालाही कारण आहे. चेहरा पाण्यात जाऊन श्वास रोखला की हृदयाची गती मंदावू लागते, तर त्वचेवरचा गारठा ती वाढवू पाहतो. या परस्परविरोधी आज्ञांमुळे निरोगी माणसाचेही ठोके अनियमित होऊ शकतात, असे माइक टिप्टन आणि मायकेल शॅटॉक या संशोधकांनी २०१२ साली मांडले. पाण्यात बसून भराभर खोल श्वास घेण्याची पद्धत तर पूर्णपणे टाळावी, कारण तिच्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

व्यायामाबाबत मात्र चूक माझी आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १२ आठवडे वजने उचलून लगेच १० अंशांच्या पाण्यात बसणाऱ्यांच्या स्नायूंची वाढ इतरांपेक्षा कमी आढळली. ते वाक्य मी लेखातून काढले आहे.

सोबती हवाच, यावर मी ठाम आहे. गेल्या जानेवारीत घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गच्चीवर पिंपातून बाहेर येताना माझ्या बोटांना काठ धरवेना. मित्राने काखेत हात घालून मला उचलले. नंतर गीझरच्या कढत पाण्याखाली उभा राहण्याची घाई केली, तेव्हा घेरी आली. आता अंग पुसून, कोरडे कपडे घालून आधी बसतो, कारण बाहेर आल्यावरही शरीराचे तापमान काही काळ उतरतच असते. उंच पिंप जाऊन त्या जागी बसका टब आला आहे. आपल्याला रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, अथवा गारठ्याने बोटे पांढरी पडत असतील, तर टब आणण्याआधी डॉक्टरांना विचारावे, ही विनंती.