पंक मेलेलं नाही: एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर आला. पुढच्या आठ दिवसांत तोच मला आणखी तीन ठिकाणी दिसला. विषय होता पंक, म्हणजे सत्तरच्या दशकात गाजू लागलेलं बंडखोर रॉक संगीत. मजकूर थोडक्यात असा: "पंक 1979 सालीच संपलं. ते लंडन-न्यूयॉर्कच्या गोऱ्या पोरांचं खरंखुरं बंड होतं, पैशासाठी नव्हतं. आज उरलाय तो फक्त टी-शर्ट. संगीतही ते राहिलं नाही. आजच्या मुलांना गमवायला काही नाही. त्यांचं बंड मोबाईलवर सुरू होतं आणि मोबाईलवरच संपतं." खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

माझी भाची पंधरा वर्षांची आहे. तिने तो मजकूर माझ्या खांद्यावरून वाचला आणि विचारलं, "मामा, मग मी ऐकते ते काय आहे?"

तो प्रश्न मला लागला. नव्वदच्या दशकात मी काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून कॅसेटी आणायचो, तेव्हा मलाही एका मोठ्या मुलाने सांगितलं होतं, "पंधरा वर्षं उशिरा आलास, पंक कधीच संपलं." मी ते खरं मानलं आणि कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या मालकीची वस्तू चोरून ऐकावी तसं ते ऐकत राहिलो. भाचीच्या बाबतीत तसं व्हायला नको, म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा मृत्यूच्या तारखेचा. जानेवारी 1977 मध्ये द क्लॅश या बँडने सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. 'स्निफिन ग्लू' हे ब्रिटनमधलं पंकचं पहिलंवहिलं हस्तनिर्मित नियतकालिक काढणारा मार्क पेरी तेव्हा म्हणाला की पंक त्याच दिवशी मेलं. म्हणजे लंडनमधल्या पहिल्या धमाक्याला धड वर्षही झालं नव्हतं. पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, क्रास या बँडने आपल्या पहिल्या तबकडीत 'पंक इज डेड' नावाचं गाणंच घातलं, आणि त्यानंतर तोच बँड आणखी सहा वर्षं वाजवत, छापत, निदर्शनं करत राहिला. पंक मेल्याची ओरड ही पंकइतकीच जुनी आहे, आणि ती आधी पंकवाल्यांनीच केली. जे चाललंय ते आता पोकळ झालंय असं ओरडून सांगायचं आणि मग स्वतः काहीतरी नवं उभं करायचं, अशी ती रीत होती. आजचा मजकूर त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा उचलतो.

दुसरा मुद्दा पैशाचा. "तेव्हा पैशासाठी नव्हतं" हे वाक्य लिहिणाऱ्याने लंडनच्या सेक्स पिस्टल्स या बँडची गोष्ट एकदा नीट पाहावी. त्यांचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन आणि डिझायनर विव्हियन वेस्टवुड यांचं लंडनच्या किंग्ज रोडवर 430 क्रमांकाचं कपड्यांचं दुकान होतं. बँडचं नाव, वेश, गवगवा हे सगळं त्या दुकानाच्या आसपास घडलं. ऑक्टोबर 1976 मध्ये बँडने ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीशी 40,000 पौंडांचा करार केला. टी-शर्ट आधी होता, मित्रांनो. तो नंतर आलेला विकार नाही.

यात एक गोष्ट मी मान्य करतो, कारण ती मलाही खुपते. न्यूयॉर्कचा सीबीजीबी क्लब, जिथे रमोन्स हा बँड आणि गायिका पॅटी स्मिथ घडले, तो 2006 मध्ये बंद झाला आणि त्या जागी पुढे महागड्या पुरुषी कपड्यांचं दुकान आलं. 2016 मध्ये मॅक्लॅरन-वेस्टवुड यांच्या मुलाने, जो कोरेने, आपल्याकडचा पंकच्या आठवणींचा ऐवज थेम्स नदीवर एका बोटीत जाळला. त्याची किंमत 50 लाख पौंड सांगितली गेली. लंडनमध्ये पंकच्या चाळिशीचे सोहळे चालले होते आणि त्यांनाच त्याचा विरोध होता. तो राग मला समजतो.

पण सेक्स पिस्टल्सच्याच काळात, त्यांच्याच देशात, दुसराही एक रस्ता होता आणि नंतरच्या पिढ्या त्या रस्त्याने आल्या. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून 500 पौंड उसने घेतले, स्वतःचं लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी छोटी कंपनी, काढलं आणि जानेवारी 1977 मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' या तबकडीच्या हजार प्रती छापल्या. कंपनीची वाट पाहिली नाही. वॉशिंग्टनमध्ये 1980 साली शाळकरी वयाच्या पोरांनी डिस्कॉर्ड हे लेबल सुरू केलं, ते आजही चालू आहे. त्याच लेबलचा फुगाझी हा बँड वर्षानुवर्षं पाच डॉलर तिकीट लावायचा आणि सगळ्या वयाच्या मुलांना आत घ्यायचा, कारण दारू विकणाऱ्या क्लबात सोळा वर्षांच्या पोराला प्रवेश नसतो. आता कोणी विशीतली मुलं एखाद्या सभागृहात स्वतः स्पीकर लावून, स्वतः तिकिटं फाडून कार्यक्रम करतात, तेव्हा ती हा वारसा चालवत असतात. किंग्ज रोडच्या दुकानाशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

"गोऱ्या पोरांचं बंड" हा तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. त्यात माणसंच पुसली जातात.

एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरीन हिचे वडील सोमाली होते. दातांना तार लावलेली ही एकोणीस वर्षांची मुलगी सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम पाहून घरी आली आणि तिने बँड काढला. लंडनमध्येच 1979 साली एलियन कल्चर (परकी संस्कृती) हा बँड उभा राहिला. त्यातले तिघे पाकिस्तानी कुटुंबांतले, एक गोरा. आदल्या वर्षी मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या होत्या की वेगळ्या संस्कृतीच्या लोकांनी देश बुडून जाईल अशी लोकांना भीती वाटते. त्या वाक्याला या पोरांनी आपल्या नावातून उत्तर दिलं. वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स काळे होते आणि हार्डकोर या जास्त वेगवान, आक्रमक पंकचा वेग त्यांनी ठरवला. पेरूची राजधानी लिमा इथे लॉस सायकोस हा बँड 1965 मध्येच असं काही वाजवत होता की पुढे त्यांना पंकचे पूर्वज म्हटलं गेलं.

आणि डेट्रॉइटचे हॅकनी बंधू. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पिढ्यांचा प्रश्न मला त्यांच्याच गोष्टीत सर्वांत स्वच्छ दिसतो. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस या तीन काळ्या भावांनी 1975 मध्ये 'डेथ' नावाच्या बँडसाठी गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या काळात काळ्या पोरांनी सोल किंवा फंक वाजवावं अशी अपेक्षा होती. एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला गाणी आवडली, पण नाव बदला म्हणाला. डेव्हिड नाही म्हणाला. मग 1976 मध्ये भावांनी स्वतःच एका तबकडीच्या 500 प्रती काढल्या. त्या फारशा कोणी ऐकल्या नाहीत. भाऊ व्हरमाँटला गेले, पुढे रेगे हे जमैकाचं संगीत वाजवू लागले. डेव्हिडने मूळ टेपा भावाच्या हवाली केल्या, एक दिवस जग या शोधत येईल असं सांगून, आणि 2000 साली तो कर्करोगाने गेला.

नंतर त्या दुर्मिळ तबकडीची गाणी संग्राहकांनी इंटरनेटवर टाकली. बॉबीच्या मुलाच्या कानावर ती पडली आणि आवाज ओळखीचा वाटला. तो त्याच्या बापाचा आवाज होता. बापाने घरात कधी या बँडचं नावही काढलं नव्हतं. मुलांनी रफ फ्रान्सिस नावाचा बँड काढला आणि बापाची, काकांची गाणी वाजवायला सुरुवात केली. 2009 मध्ये डेथची गाणी अखेर रीतसर प्रसिद्ध झाली, ध्वनिमुद्रणानंतर चौतीस वर्षांनी. इथे कोणी कोणाला जिवंत ठेवलं? मुलांनी बापाला. आणि गाणं पोचलं ते संगणकाच्या तारेवरून, ज्याला हा मजकूर नाक मुरडतो.

"संगीत ते राहिलं नाही." यावर फार वेळ घालवत नाही. क्लॅशने पहिल्याच तबकडीत, 1977 मध्ये, एक रेगे गाणं घेतलं होतं. स्लिट्स या मुलींच्या बँडने 1979 मध्ये पंक आणि डब (रेगेचाच एक प्रकार) असं काही कालवलं की ठरावीक साच्यात ते आजही बसत नाही. साचा असा कधी नव्हताच.

आता मोबाईल. 'स्निफिन ग्लू' काढणारा मार्क पेरी बँकेत कारकून होता. जुलै 1976 मध्ये त्याने टंकलेखन यंत्रावर आणि स्केचपेनने पानं तयार केली, त्यांच्या पन्नासेक झेरॉक्स प्रती काढल्या आणि वाटल्या. साठच्या दशकातल्या आपल्या लघुअनियतकालिकवाल्यांनी सायक्लोस्टाइलवर जे केलं, त्याच जातीचं हे काम. हाताशी जे स्वस्त यंत्र असेल ते वापरायचं. 1991 च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑलिंपिया आणि वॉशिंग्टनमधल्या रायट गर्ल चळवळीतल्या मुलींनी तेच झेरॉक्स यंत्र वापरलं आणि मारहाण, बलात्कार, शाळेतली टिंगल यांबद्दल लिहिलं. पंकच्या पहिल्या पिढीतल्या पुरुषांनी यावर फारसं लिहिलं नव्हतं. त्याच चळवळीतल्या बिकिनी किल या बँडच्या कार्यक्रमात गायिका मुलींना मंचाजवळ पुढे बोलवायची, मुलग्यांना मागे सरकायला सांगायची, कारण पुढच्या धक्काबुक्कीत मुली चिरडल्या जात. बंडाच्या आतल्या अन्यायाविरुद्ध झालेलं हे बंड होतं, आणि ते धाकट्यांनी केलं.

माझ्या भाचीचा आवडता बँड म्हणजे लॉस एंजेलिसच्या द लिंडा लिंडाज. मे 2021 मध्ये या चार मुली तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका शाखेत, पुस्तकांच्या कपाटांसमोर वाजवत होत्या. सर्वांत मोठी सोळाची, ड्रम वाजवणारी दहाची. 2020 च्या टाळेबंदीच्या जरा आधी वर्गातला एक मुलगा तिला म्हणाला होता, चिनी लोकांपासून लांब राहा असं माझ्या बाबांनी सांगितलंय. ती म्हणाली, मी चिनी आहे. तो मागे सरकला. त्यावर त्यांनी गाणं रचलं, त्याचं चित्रण लाखो लोकांनी पाहिलं, आणि पुढच्या वर्षी त्यांची पहिली तबकडी आली. मोबाईलवर पसरलं, खरं आहे. पण सेक्स पिस्टल्सही घराघरांत पोचले ते 1 डिसेंबर 1976 च्या संध्याकाळी टीव्हीवर दिलेल्या शिव्यांमुळे, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांमुळे. त्यांच्या पिढीचा पडदा तो होता. दहा वर्षांच्या मुलीने वर्गातल्या अपमानाला ड्रमवर उत्तर दिलं, यात मला काहीही कमअस्सल दिसत नाही.

भाचीने त्या मुलींचं पाहून एका ए-फोर कागदाची आठ घड्यांची पुस्तिका केली. विषय तिने निवडला: शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप का असतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून वीस प्रती काढल्या आणि वर्गात वाटल्या. मोबाईलवर सुरू झालेली गोष्ट कागदावर आली, दप्तरांतून घरोघर गेली.

शेवटचा मुद्दा, "आजच्या मुलांना गमवायला काही नाही". हे वाक्य लिहिताना लंडन-न्यूयॉर्कपलीकडे नजर गेलेली नाही. 2012 मध्ये मॉस्कोच्या कॅथेड्रलमध्ये जेमतेम मिनिटभर गाणाऱ्या पुसी रायट या रशियन पंक गटाच्या तरुणींना दोन वर्षांची कैद झाली. म्यानमारच्या यांगूनमधल्या द रिबेल रायट या बँडची मुलं लष्कराच्या सावलीत वाजवत आली आणि रस्त्यावरच्या उपाशी लोकांना जेवू घालत आली. मुंबईत द रायट पेडलर्ससारखे बँड मोजक्या जागांत, मोजक्या श्रोत्यांसमोर का होईना, वाजवत राहिले.

पण खरं पाहायचं असेल तर इंडोनेशिया पाहा. तिथे पंक रुजलं नव्वदच्या दशकात, सुहार्तोच्या हुकूमशाहीच्या अखेरीस. जकार्ताचा मारजिनाल हा बँड तेव्हाचा. त्यांनी 'तारिंग बाबी' नावाचं सामूहिक घर चालवलं, तिथे रस्त्यावरच्या पोरांना युकुलेले वाजवायला आणि लाकडावर कोरून चित्रं छापायला शिकवलं. ती पोरं बसमध्ये वाजवून पोट भरू लागली. कपड्यांचं अनुकरण आधी झालं असेल, पण हे घर कोणाची नक्कल नव्हतं. डिसेंबर 2011 मध्ये बांदा आचे शहरात अनाथ मुलांसाठी निधी जमवणाऱ्या पंक कार्यक्रमावर पोलिसांनी धाड घातली. साठहून अधिक तरुणांना पकडलं, डोकी भादरली, तळ्यात उतरवून आंघोळ घातली आणि 'सुधारण्यासाठी' दहा दिवस पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रात ठेवलं. कुठल्याही आरोपाशिवाय.

आणि अगदी अलीकडचं. मध्य जावातल्या पुरबालिंग्गा गावचा सुकातानी हा दोघांचा बँड, एक गिटारवाला आणि एक गायिका, चेहरे झाकून वाजवणारे. त्यांचं एक गाणं पोलिसांच्या लाचखोरीवर आहे: परवान्याला पैसे, तक्रार नोंदवायला पैसे, कार्यक्रमाच्या परवानगीला पैसे. फेब्रुवारी 2025 मध्ये दोघे उघड्या चेहऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर आले, पोलिसप्रमुखांची माफी मागितली आणि गाणं मागे घेतलं. गायिका शिक्षिका होती, तिची नोकरी गेली. पुढे पोलिसप्रमुखांनी त्यांना पोलिसांचे सदिच्छादूत व्हा म्हणून निमंत्रण दिलं, ते त्यांनी नाकारलं.

त्याच आठवड्यात देशभर विद्यार्थी सरकारी धोरणांविरुद्ध रस्त्यावर होते. काळे कपडे घातलेली ती मुलं सुकातानीचं मागे घेतलेलं गाणं पोलिसांच्या रांगांसमोर उभी राहून गात होती. वाजवायला बँड नव्हता, गाणं त्यांना पाठ होतं.