किती मिळणार ते कळलं, कधी मिळणार ते सांगा

मागच्या आठवड्यात माण तालुक्यातले एक गृहस्थ टेबलापुढे आले. सोबत जुळी मुलं, एक मुलगा, एक मुलगी. दोघांचाही नंबर आमच्याच कॉलेजात लागलेला. (मी एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळतो. कॉलेज कुठलं ते विचारू नका, अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे.) ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, रेशनकार्ड, सगळं साडीच्या दुकानाच्या पिशवीत क्रमानं लावलेलं. मी त्यांना सांगितलं, ८ जुलै २०२४ चा जीआर, म्हणजे शासन निर्णय आहे, मुलीची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के सरकार भरणार, मुलाची निम्मी. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "एकाच दिवशी जन्मली, पण पोरगी नशीबवान," म्हणाले आणि हसले. मग हळूच पुढे वाकून विचारलं, "ते झालं सर, पण आज मी किती भरायचे?"

याचं उत्तर कुठल्याच जीआरमध्ये नसतं. ते आमच्या अकाउंट्सच्या केबिनमध्ये ठरतं, आणि माणूस बघून ठरतं.

प्रवेशाच्या वेळी पात्र मुलींकडून शिक्षण फी घेऊ नका, अशी पत्रं शासनाकडून येतात. आम्ही ती फाइलला लावतो. मग पालकाकडून हमीपत्र लिहून घेतो, की शिष्यवृत्ती मंजूर झाली नाही तर पूर्ण फी मी भरीन. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस हे जीआरमध्ये बसतच नाही, ते त्याच दिवशी. पिशवीवाल्या गृहस्थांनी शेळ्या विकून रक्कम आणली होती. मोजून दिली, पावती पिशवीत ठेवली, पोरांना घेऊन हॉस्टेल बघायला गेले.

मी स्वतः याच वाटेनं आलोय, म्हणून हे लिहितोय. २००४ साली सांगोल्याहून पुण्यात बीकॉमला आलो. घरची दोन एकर जिरायत. कॉलेज अनुदानित होतं, ईबीसीचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास म्हणून फी सवलतीचा फॉर्म भरला आणि फीचा विषय तिथंच संपला. माझ्याकडे फी मागायला कधी कोणी आलं नाही. प्रश्न होता मेसचा, आणि तो सुटला 'कमवा आणि शिका'नं, म्हणजे कॉलेजातच काम करून तासावर पैसे मिळण्याच्या योजनेनं. सकाळी साडेसहा ते साडेनऊ बॉटनीच्या बागेत पाणी, झाडलोट, कुंड्या हलवणं. दुसऱ्या वर्षी लायब्ररीत पुस्तकांना डकवपट्ट्या. ताशी १५ रुपये. तीन तासांचे ४५, महिन्याचे पंचवीस दिवस भरले तर ११२५. मेस ८०० ची. उरलेल्यात साबण, झेरॉक्स आणि दिवाळीला गावची एसटी.

रकमेत काही दम नव्हता. पण सात तारखेला ती मिळायची. हजेरीच्या वहीवर माळीमामांची सही, कॅश काउंटरला रांग, हातात नोटा. मी मेसच्या मावशींना तारीख सांगू शकायचो. ज्याला तारीख सांगता येते त्याला उधार मिळतं, हे त्या वयात जे शिकलो ते कॉमर्सच्या एकाही पेपरात नव्हतं. एका वर्षी ऑडिटच्या भानगडीत आमची बिलं चार महिने अडकली. त्या चार महिन्यांत आमच्या खोलीतला एक पोरगा कॉलेज सोडून गावी गेला. त्याची बाकी निघत होती साडेतीन हजार. नंतर बिल निघालं, त्याचेही पैसे निघाले, घ्यायला तो नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे गरीब विद्यार्थ्यासाठी योजना कमी नाहीत, रकमाही आता बऱ्या आहेत. गरिबाचं शिक्षण अडतं ते तारखेपाशी. आणि तारखेबद्दल कुणी बोलत नाही, कारण घोषणा रकमेची होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेतल्याशिवाय 'कमवा आणि शिका'वर कुणी भाषण करत नाही, तर मीही घेतो. १९१९ मध्ये काले गावात त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची सुरुवात झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग. धनिणीच्या बागेत सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची, आणि त्या पंगतीतल्या भाकरीसाठी स्वतः राबायची. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ते आपण शाळेत ऐकलेलं असतं. गावोगाव मूठमूठ धान्य गोळा करायचा मुष्टिफंडही ऐकलेला असतो. पण टेबलावर बसणारा माणूस म्हणून मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. पोरानं सकाळी शेतात काम केलं तर त्याचा मोबदला संध्याकाळी ताटात होता. मधे ना पोर्टल, ना मंजुरी. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही याच जोरावर. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हणणाऱ्या माणसानं पोरांना 'मार्चनंतर बघू' असं कधी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

मग बिघडलं कुठं? माझ्या मते १९८३ नंतर. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्यामुळे जागा वाढल्या, नाहीतर माझ्या गावातले निम्मे इंजिनिअर झालेच नसते, हे मान्य. पण हिशोब पालटला. अनुदानित कॉलेजात मास्तरांचा पगार सरकारकडून येतो, त्यामुळे सरकारकडून येणारी फीची भरपाई रेंगाळली तरी शिकवणं थांबत नाही. विनाअनुदानितात फी म्हणजेच पगार. सरकारचे पैसे आठ महिने उशिरा आले की आमचे प्राध्यापक तीन-चार महिने बिनपगारी, मग आमच्यासारखे क्लार्क, आणि शेवटी दाब जातो तो काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या पोरावर. उशीर करतो मंत्रालयातला कुणीतरी, हॉल तिकीट अडतं पोरीचं. मी स्वतः अडवलंय. वरून यादी आली की 'बाकी भरा आणि घेऊन जा' हे वाक्य मीच बोलतो, आणि त्या महिन्यात माझाही पगार झालेला नसतो.

अनुसूचित जातीच्या पोरांचं तर निराळंच त्रांगडं आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. २०२१-२२ पासून केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि फीची रक्कम त्यानं सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. कागदावर किती छान, मधला दलाल गेला! प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. पैसे कोणत्या दिवशी येतील ते कुणाला ठाऊक नसतं. ते येतात आधारला जोडलेल्या खात्यात, आणि आधार जोडलेलं असतं दोन वर्षांपूर्वी मोबाइलच्या दुकानात सिम घेताना उघडलेल्या भलत्याच खात्याला. ते खातं पोरगं विसरलेलं असतं, तो नंबरही बंद झालेला असतो. आमच्या स्क्रीनवर 'रक्कम वितरित' दिसतं, पोरगं शपथेवर सांगतं की आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत असतात. किंवा पैसे बरोबर खात्यात येतात, पण नेमके त्या आठवड्यात आई दवाखान्यात असते. माझ्या टेबलासमोर अशी एक पोरगी ढसाढसा रडली होती. पैसे खर्च केले म्हणून तिला चोरासारखं वाटत होतं. अहो, घरात आजारी माणूस आणि खात्यात पैसे असताना सात दिवस हात न लावणारं कुटुंब मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो.

शहरात राहण्या-जेवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार, त्यातले ३२ हजार भोजनाचे, २० हजार निवासाचे, ८ हजार निर्वाहाचे. म्हणजे राहायला महिन्याला १६६६ रुपये. पुण्यात एवढ्यात कॉटही मिळत नाही, पण ते सोडा. हे पैसे महिन्याच्या महिन्याला आले असते तरी पोरानं कसंबसं जुळवलं असतं. वर्षअखेरीला एकदम आलेले ३२ हजार हे जेवणाचे नसतात. तोवर जेवण झालेलं असतं, सावकाराकडून किंवा मित्राकडून, नाहीतर झालेलंच नसतं.

आता 'कमवा आणि शिका'च्या कामाबद्दल. आमच्याकडे ताशी ५५ देतात. तीन तास, पंचवीस दिवस, ४१२५ रुपये. मेस साडेतीन हजार. बघा, वीस वर्षांत गणित तिथल्या तिथंच आहे. फक्त आता समोर दुसरं काम आहे. संध्याकाळी टी-शर्ट चढवून जेवणाची पार्सलं पोचवली तर पोराला यापेक्षा जास्त सुटतात, आणि मुख्य म्हणजे आठवड्याच्या आठवड्याला सुटतात. मग कॉलेजातल्या कुंड्या कोण हलवणार? आमच्याकडे चाळीस जागांना यंदा बावीस अर्ज आले. मीटिंगमध्ये एक जण म्हणाले, "हल्लीच्या पोरांना श्रमाची लाज वाटते." रात्री अकराला पावसात मोटारसायकलवर कुणाची तरी बिर्याणी घेऊन जाणाऱ्या पोराला श्रमाची लाज वाटते? त्याला आपली हजेरीची वही आणि चार महिने अडकलेलं बिल नको आहे.

लाजेचा विषय निघालाच आहे तर. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा मुलगा अमेरिकेत एमएस करतो. विद्यापीठाच्या डायनिंग हॉलमध्ये ट्रे धुतो, विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला वीस तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं. काका हे लिफ्टमध्ये भेटेल त्याला कौतुकानं सांगतात, "तिकडे डिग्निटी ऑफ लेबर असते हो!" त्याच काकांनी आमच्या कॉलेजच्या आवारात झाडू मारणारा पोरगा बघून मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अरे, विद्यार्थ्यांना असली कामं लावता?" मी गप्प बसलो. काकांकडून पार्किंगची जागा घ्यायची होती.

पण काकांच्या प्रश्नात थोडं तथ्य आहे, ते मी नंतर कबूल केलं, स्वतःशीच. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाच्या पोराला झाडूच का? माझ्या टेबलावर दर ऑक्टोबरला दोनेक हजार फॉर्म तपासायचे असतात. दोन पोरं बसवली तर ती माझ्यापेक्षा लवकर तपासतील, शिवाय कुठल्या पोराचा फॉर्म कशामुळे परत पाठवला ते त्याला त्याच्या भाषेत सांगतील. मागच्या वर्षी मी दोघांना अनधिकृतपणे बसवलं. लॉगिन माझंच, शेजारी मी. आधार भलत्याच खात्याला जोडलेली एकशे अकरा पोरं त्या दोघांनी पैसे वाटप व्हायच्या आधी शोधून काढली. मी साहेबांना म्हटलं, यांना कमवा आणि शिकामध्ये धरा. उत्तर आलं, की योजनेच्या कामांच्या यादीत हे काम बसत नाही. म्हणून त्यांची हजेरी बागेत लावली. ऑडिटरसाहेब हे वाचत असतील तर त्यांनी कृपया बाग बघून घ्यावी, झाडं जोमात आहेत.

मला कुणी विचारलं तर मी सरकारकडे नवी योजना मागणार नाही. आहे त्याच जीआरमध्ये एक ओळ घाला : अमुक तारखेपर्यंत पहिला हप्ता, आणि तोवर विद्यार्थ्याचं हॉल तिकीट, निकाल, टीसी अडवता येणार नाही. आणि हप्ता चुकला तर कॉलेजला व्याज द्या, मग बघा मंत्रालयातली फाइल कशी पळते ते. जेवणा-राहण्याचे पैसे वर्षाला न देता महिन्याला द्या. रेशन महिन्याला देता येतं, पेन्शन महिन्याला देता येते, मग हे का नाही?

ज्यांची पोरं यंदा फॉर्म भरतायत त्यांनी दोन गोष्टी आजच करा. बँकेत जाऊन आधार नेमकं कुठल्या खात्याला जोडलंय ते विचारा, पासबुकवरून समजत नाही. आणि हमीपत्रावर सही करण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पिशवीवाल्या गृहस्थांना मी हे दोन्ही सांगितलं. काल त्यांचा फोन आला होता. पोरीचं आधार दुसऱ्याच बँकेत निघालं, आता बदलायला टाकलंय. मुलाचं विचारलं तर म्हणाले, "त्याचं बघायला उद्या जातो सर, आज बाजार आहे."