म्हणे अमेरिकेने गुलामांना मायदेशी पोचवलं!

एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. अमेरिकेने गुलामांना मोकळं केलं, वर स्वतःच्या खर्चाने आफ्रिकेत नेऊन सोडलं, ओसाड जमीन विकत घेऊन लायबेरिया नावाचा अख्खा देश दिला, आणि तेही हसतखेळत गेले. वाचायला छान वाटतं, पण एकेक मुद्दा घेतला की उरत काही नाही.

आधी ते मोकळं करण्याचं बघू. लोकांना आफ्रिकेत नेऊन वसवायचं काम करणारी संस्था म्हणजे अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी, ती १८१६ च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन शहरात स्थापन झाली आणि तिचा पहिला अध्यक्ष बुशरॉड वॉशिंग्टन, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतण्या, स्वतः गुलाम बाळगून होता. हेन्री क्ले या बड्या राजकारण्याने तर सोसायटीच्या सुरुवातीच्या बैठकीतच सांगून टाकलं की गुलामगिरीला आम्ही हात लावणार नाही, विषय फक्त आधीच मोकळ्या असलेल्या काळ्यांचा आहे. कारण उघड होतं, मोकळा काळा माणूस डोळ्यासमोर हिंडायला लागला की मळ्यावरच्या गुलामाच्या डोक्यात नको ते विचार येणार. पुढे काही मालकांनी गुलाम सोडले हे खरं, पण बऱ्याचदा अट एकच, सुटका हवी तर जहाजात बसा. याला दानधर्म म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता हसतखेळत. जानेवारी १८१७, फिलाडेल्फियाचं बेथेल चर्च, साधारण तीन हजार काळी माणसं जमलेली. सभेचा अध्यक्ष जेम्स फोर्टन, जहाजांची शिडं बनवणारा बडा धंदेवाला, पोरवयात ब्रिटिशांविरुद्ध जहाजावर लढलेला, आणि मजा म्हणजे त्याला स्वतःला आफ्रिकेला जायची कल्पना थोडीफार पटलेली होती. त्याने विचारलं, जायचं कोणाला? एकही आवाज नाही. मग विचारलं, नको कोणाला? तेव्हा असा कल्लोळ झाला की चर्चच्या भिंती पडतील की काय असं वाटलं, अशी आठवण नंतर सांगितली गेली. त्यातले बहुतेक अमेरिकेतच जन्मलेले, आफ्रिका त्यांनी पाहिली पण नव्हती, मायदेश कसला डोंबलाचा! आपापल्या मर्जीने जाणारे काही होते, नाही कशाला म्हणू, पण १८२० ते १८४३ मध्ये साडेचार हजारांवर लोक गेले आणि १८४३ च्या खानेसुमारीत उरले १,८१९. काही दुसरीकडे निघून गेले असतील, पण मोठा घास तापाने घेतला.

ओसाड जमीन? लायबेरिया जिथे वसला त्या किनाऱ्यावरच्या केप मेसुराडोला आधीपासून लोक राहत होते. विकायला तयार नव्हते. डिसेंबर १८२१ मध्ये अमेरिकन नौदलाचा अधिकारी रॉबर्ट स्टॉकटनने किंग पीटर नावाच्या तिथल्या प्रमुखावर पिस्तूल रोखलं आणि मग सौदा झाला असं सांगतात. किंमत म्हणून बंदुका, तंबाखू, रम, मणी, छत्र्या असला माल, सगळा मिळून तीनशे डॉलरच्या आतला. आणि देश काय कोणी ताटात वाढून दिला नाही, १८४७ मध्ये तिथे गेलेल्यांनीच स्वातंत्र्य जाहीर केलं, अमेरिकेने मान्यता दिली १८६२ मध्ये. मधली १५ वर्षं कसला विचार चालला होता?

सर्वात मोठी गंमत आकड्यांची. १८६० मध्ये अमेरिकेत गुलाम होते सुमारे ३९ लाख, आणि सोसायटीने अर्ध्या शतकात पाठवले जेमतेम बारा-तेरा हजार.