परवानगीशिवाय फोटो काढणं गुन्हा आहे?

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की सुप्रीम कोर्टाच्या २०१७च्या निकालामुळे परवानगीशिवाय कुणाचाही फोटो काढणं गुन्हा झालं. कुणी काढलाच तर मोबाइल हिसकावून डिलीट करा. इमारतींचे फोटो मालकाला विचारूनच काढा. पोलीस ठाण्यात शूटिंग केलं तर सरकारी गोपनीयता कायद्याखाली (ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट) आत जाल.

२०१७चा तो निकाल पुट्टास्वामी खटल्यातला. त्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे खरंच. पण फोटो काढण्याचा नवा गुन्हा त्या निकालाने जन्माला घातला नाही. तसं असतं तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो काढणारं निम्मं सोलापूर जेलरोडला राहायला गेलं असतं! गुन्हा कुठे होतो ते कायद्यात लिहिलंय. बाई आडोशाला कपडे बदलत असताना तिचं चित्रण केलं, तर न्याय संहितेचं कलम ७७ लागतं; पहिल्याच वेळी किमान एक वर्ष कैद. कुणाच्याही गुप्तांगांचा फोटो संमतीशिवाय काढला, तर आयटी कायद्याचं ६६ई, आणि तिथे ‘गर्दीत तर होतो’ ही सबब चालत नाही. बाईचा सतत पाठलाग करणं हा वेगळा गुन्हा, हातात कॅमेरा असो वा नसो.

हिसकावण्याचा सल्ला सगळ्यात घातक. यात्रेच्या गर्दीत असा सल्ला म्हणजे मारामारीला आमंत्रणच. तक्रार असेल तर पोलिसांकडे जा. पुरावा म्हणून फोन जप्त करायचा अधिकार त्यांना आहे, तुम्हाला नाही. शिवाय डिलीट केलंत की पुरावा तुम्हीच घालवलात.

इमारतींचं थोडक्यात. रस्त्यावरून महापालिकेच्या इंद्रभुवनचा फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा मॉलमध्ये मात्र तिथले नियम पाळा, नाहीतर ते बाहेर काढतील.

पोलीस ठाण्याचा दावा तर निकालात निघालेला आहे. वर्ध्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२मध्ये सांगितलं की १९२३च्या त्या कायद्यातल्या ‘निषिद्ध जागे’च्या व्याख्येत पोलीस ठाणं येतच नाही. लष्करी ठिकाणं येतात. कामात अडथळा आणला तर मात्र दुसरं कलम लागू शकतं.

मेसेजमध्ये जे यायला हवं होतं तेच नाही: जाहिरात. यात्रेतल्या बाराबंदी (पारंपरिक पांढरा पोशाख) घातलेल्या मानकऱ्याचा फोटो काढणं वेगळं आणि तो न विचारता आपल्या चादरीच्या दुकानाच्या फ्लेक्सवर छापणं वेगळं. असा वापर खासगीपणाचा भंग ठरतो, हे सुप्रीम कोर्टाने १९९४मध्येच राजगोपाल खटल्यात म्हटलंय.